बावीस माणसं आणि प्रश्न क्रमांक सतरा

एका रविवारी सकाळी, नाश्त्याच्या आधी, मी बावीस माणसांची हृदयं, यकृतं, डोळे आणि चव्वेचाळीस मूत्रपिंडं दान करून टाकली. त्या बावीस जणांना यातलं काहीही माहीत नव्हतं. अर्जांवरचं अक्षर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सुंदर होतं, हे पुढे परवाना कार्यालयाच्या साहेबांनीही मान्य केलं. त्यांनी मान्य केलेली ती एकमेव गोष्ट.

झालं असं, की आईची एक मैत्रीण गाडी शिकवायची शाळा चालवते. तिला मी मावशी म्हणते. शाळा म्हणजे एक छोटी खोली, एक टेबल आणि एक पांढरी गाडी. गाडीला दोन ब्रेक आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक मावशीच्या. शिकणाऱ्याच्या पायाशी जो आहे तो फक्त त्याच्या समाधानासाठी असतो, असं मावशीचं मत आहे. परवान्याचे अर्ज भरायला तिच्याकडे एक कारकून होते, पण ते जिन्यावरून पडले आणि त्यांचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. मावशीने आईला फोन केला, आईने माझं नाव पुढे केलं. आईचाही अर्ज त्याच गठ्ठ्यात होता. त्रेचाळिसाव्या वर्षी तिने गाडी शिकायची ठरवलं होतं.

अर्जांवर लोकांच्या सह्या आधीच घेतलेल्या होत्या. बाकीचं भरायचं कसं, याचा नमुना भिंतीवर खिळ्याला अडकवलेला होता. कारकूनकाका अकरा वर्षं तो नमुना बघून अर्ज भरत आले होते, इतक्या निष्ठेने की 'ओळखीची खूण' या रकान्यात त्यांनी सगळ्यांना उजव्या गालावर तीळ दिला होता. मावशीच्या शाळेतून पास झालेल्या शेकडो माणसांच्या उजव्या गालावर सरकारदरबारी तीळ आहे. त्याच नमुन्यात सतरावा प्रश्न होता: मृत्यूनंतर अवयवदान करण्यास तयार आहात का? आणि 'नाही'वर ठसठशीत खूण.

हे मी आठवडाभर आधी वाचलं असतं तर काही झालं नसतं. पण आदल्याच दिवशी मी शिकते त्या शाळेत रुग्णालयातल्या एक ताई बोलायला आल्या होत्या. अवयवदान करायचं असेल तर घरच्यांशी बोलणं, डॉक्टरांशी बोलणं, हे सगळं जुळवून आणायचं त्यांचं काम. त्यांना समन्वयक म्हणतात. त्यांनी सांगितलं, की मेंदू कायमचा थांबलेल्या एका माणसाच्या अवयवांनी आठ जणांपर्यंत लोक वाचू शकतात, आणि वाट बघणाऱ्यांची रांग मात्र लांबच लांब आहे. "लोक नाही म्हणतात असं नाही," त्या म्हणाल्या, "त्यांना कुणी विचारतच नाही."

त्यांचे आभार मी मानले होते. हे थोडं सांगायलाच हवं. मागच्या वर्षापर्यंत मी हजेरीला 'हजर' म्हणतानाही घाम पुसायचे. यंदा वक्तृत्वात मला दुसरा क्रमांक मिळाला आणि माझ्यात जो काही फरक पडला, तो बाबांच्या शब्दांत 'घरच्यांना परवडणारा नाही.' त्या आभारात मी असंही म्हणून गेले होते, की "आम्ही नुसत्या टाळ्या वाजवणार नाही, काहीतरी करून दाखवू." आता असं म्हटलेल्या मुलीसमोर दुसऱ्याच दिवशी बावीस अर्ज आणि एक 'नाही' आला, तर ती काय करणार? मी बावीसही जणांना 'हो' लिहिलं. तीळ मात्र कुणालाच दिला नाही. तेवढा प्रामाणिकपणा माझ्यात होता.

तीन आठवड्यांनी परवाने आले. प्रत्येकाच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, पत्त्यांमध्ये असतो तसा एक छोटा लाल बदाम छापलेला होता. मला तो फार गोड वाटला. दोन दिवस मी मनातल्या मनात समन्वयक ताईंकडून दूरचित्रवाणीवर माझा सत्कार करून घेत होते.

तिसऱ्या दिवशी, बावीस जणांतल्या एका शिलाईवाल्या काकूंचे यजमान बदामाचा अर्थ विचारायला परवाना कार्यालयात गेले. अर्थ कळल्यावर त्यांनी तिथेच उभं राहून तक्रार लिहिली: 'माझ्या पत्नीचे सर्व अवयव सदर शाळेने परस्पर देऊन टाकले.'

साहेबांनी मावशीला बोलावलं. शुक्रवारी पाच वाजायच्या आत बावीसही जणांकडून, प्रत्येकाच्या हाताने लिहिलेलं, 'हो' किंवा 'नाही' असं स्पष्ट उत्तर आणायचं. एकही कमी पडलं तर शाळेची मान्यता रद्द.

मी मावशीसमोर उभी राहिले तेव्हा माझं वक्तृत्व कुठे गेलं होतं कुणास ठाऊक. मी फक्त "मावशी" म्हणाले आणि तिथेच अडकले. मावशीला दुसरा उद्योग नाही. ती खोली, ती गाडी आणि ते दोन ब्रेक, एवढंच तिचं आहे. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीवरच्या नमुन्याकडे बघत बसली.

"तू जे एका सकाळी केलंस ना," ती शेवटी म्हणाली, "ते मी अकरा वर्षं करतेय. फक्त उलटं. त्याची तक्रार कुणी केली नाही एवढंच." मग तिने नमुना खिळ्यावरून काढला आणि माझ्या हातात यादी दिली. "आज सोमवार आहे. लाग कामाला."

आमच्या तळमजल्यावरचे काका कुठल्याशा खात्यातून अर्ज लिहून लिहून निवृत्त झालेत. त्यांना हे प्रकरण कळताच त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते निवृत्तीनंतर पहिल्यांदाच आलं असं त्यांच्या पत्नी म्हणाल्या. त्यांनी मला खुर्चीत बसवून मसुदा दिला. 'विषय: चुकून दान झालेल्या अवयवांबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की माझे अवयव दिनांक अमुक रोजी माझ्या संमतीविना दान झाले असून ते अद्याप माझ्याच ताब्यात आहेत.'

"ताब्यात आहेत हे लिहायलाच पाहिजे का?" मी विचारलं.

"पुढे वाद नको," काका म्हणाले.

बाबांचा सल्ला वेगळा होता. लोकांकडे गेल्या गेल्या मरणाचं बोलायचं नाही, आधी हवापाण्याचं बोलायचं. मी हा सल्ला पाळून पहिल्या घरी हवेवर अकरा मिनिटं बोलले. त्या गृहस्थांना वाटलं मी पंखे विकायला आलेय.

मग मी सरळ विचारायला लागले. "तुमच्या नावावर मी न विचारता 'हो' लिहिलं होतं, माझं चुकलं. आता विचारते. तुम्ही मेल्यावर तुमचे अवयव दिलेले चालतील का?" पहिल्या दोन घरी हे म्हणताना माझे कान तापले. पाचव्या घरापर्यंत मी हे वाक्य अशा सफाईने म्हणू लागले, की एक आजी म्हणाल्या, "किती गोड बोलते गं."

व्यायामशाळेतला दादा खूश होता. त्याने बदाम सगळ्यांना दाखवला होता. पण त्याची एक अडचण होती.

"माझं हृदय कुणाला देणार?"

"ते आपल्याला ठरवता येत नाही. ज्याला जास्त गरज, ज्याला जुळेल, त्याला."

"आणि तो आळशी निघाला तर?" दादाने वजन खाली ठेवलं. "मी सकाळी पाचला उठतो. बारा वर्षं गोड खाल्लं नाही. आणि तो माझं हृदय घेऊन दिवसभर सोफ्यावर लोळणार?"

मी म्हटलं, अट घालता येत नाही. दादाने वजन दहा वेळा उचललं आणि ठेवलं. मग त्याने 'हो' लिहिलं आणि खाली लिहिलं, 'ज्यांना मिळेल त्यांनी रोज किमान अर्धा तास चालावे ही नम्र विनंती.'

लग्न ठरलेला एक मुलगा होता. तो मला फर्निचरच्या दुकानात सापडला, होणाऱ्या बायकोबरोबर कपाट बघत. त्याला प्रश्न विचारला तर तो तिच्याकडे बघायला लागला, आणि ती त्याच्याकडे.

"डोळे पण?" ती म्हणाली.

"डोळ्यांतला वरचा पारदर्शक पडदा बसवतात," मी म्हटलं.

"म्हणजे उद्या रस्त्यात कुणी माझ्याकडे सारखं बघत असेल, तर तो हाच असू शकतो?"

"पडदा नुसता काचेसारखा असतो. बघणारा बघणाराच राहतो."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "आईंना विचारणार आहेस का?"

"विचारावं लागेल ना," तो म्हणाला.

"कपाट आईंना विचारून, पडदे आईंना विचारून. निदान किडनी तरी स्वतःची स्वतः ठरव."

दुकानदार मापाची टेप हातात घेऊन ताटकळत उभा होता. तो त्यांच्या नात्यातला पहिला खरा वाद असावा, कारण दोघेही फार मन लावून भांडत होते. वीस मिनिटांनी त्याने 'हो' लिहिलं. तिने माझ्याकडून एक कोरा कागद मागून घेतला. तिला गाडी येत नाही, पण मी तिला नाही कशी म्हणणार?

सगळं असं हसत झालं असं मात्र नाही. एक निवृत्त गणिताचे सर होते, एकाहत्तर वर्षांचे, परवान्याचं नूतनीकरण करणारे. त्यांच्यासाठी मी खास अकरा मुद्दे काढून नेले होते, कारण वय झालं म्हणून अवयव घेत नाहीत हा गैरसमज आहे, असं ताईंनी सांगितलं होतं. सरांनी मला चहा दिला आणि पहिले चार मुद्दे ऐकून घेतले. मग म्हणाले, "बाळ, आमची ही शेवटचा दीड महिना रुग्णालयात होती. नळ्या, सुया, सगळं बघितलं मी. आता त्या इमारतीचा विचारसुद्धा मला सहन होत नाही. मला नाही जमणार."

माझ्याकडे अजून सात मुद्दे शिल्लक होते. मी कागद घडी करून ठेवला.

"रागावलीस का?"

"नाही सर."

"विचारलंस ते बरं केलंस. पण विचारणाऱ्याने दोन्ही उत्तरांची तयारी ठेवावी लागते." त्यांनी सुंदर अक्षरात 'नाही' लिहिलं आणि मला दारापर्यंत सोडायला आले. अशी आठ 'नाही' मला मिळाली. प्रत्येकाचं कारण वेगळं होतं आणि एकाही कारणाला भाषणात उत्तर नव्हतं.

शिलाईवाल्या काकूंचं घर मी गुरुवारपर्यंत टाळलं, कारण तिथे तक्रारदार होते. दार त्यांनीच उघडलं. "तिचं 'नाही' लिहून घे आणि जा," ते म्हणाले.

आत मशीन चालू होतं. ते थांबलं. "अहो, शरीर माझं आहे ना? मग तिला मलाच विचारू द्या." काकूंनी चष्मा कपाळावर चढवला. "मला एक सांग. काढून घेतल्यावर शिवतात कसं?"

हा प्रश्न मला आतापर्यंत एकाही घरात कुणी विचारला नव्हता. मी समन्वयक ताईंना फोन लावला आणि मोबाइल शिवणाच्या टेबलावर, कात्रीशेजारी ठेवला. ताई म्हणाल्या, कुठल्याही शस्त्रक्रियेसारखंच व्यवस्थित टाके घालून शरीर घरच्यांच्या ताब्यात देतात, चेहरा तसाच राहतो.

"टाके बारीक घालतात का? मला उसवलेलं, जाडंभरडं चालत नाही."

"बारीक घालतात," ताई गंभीरपणे म्हणाल्या. "पण काकू, तुम्ही 'हो' लिहिलंत तरी त्या वेळी आम्ही घरच्यांना विचारतो. ते नको म्हणाले तर आम्ही पुढे जात नाही."

"बघ," यजमान म्हणाले. "मग आत्ता कशाला? तेव्हाचं तेव्हा बघू."

"तेव्हा तुम्ही रडत बसलेले असाल," काकू म्हणाल्या. "तेव्हा तुम्हाला काय सुचणार आहे? आत्ता धडधाकट आहात तोवर सांगा."

काकूंनी 'हो' लिहिलं, कागदाची कड नखाने सरळ केली आणि मला दिला. मी जिना उतरून फाटकापाशी आले तर ते मागून आले, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"ती फोनवरची बाई म्हणाली ते खरं ना? आमच्या हिला त्या वेळी दुखणार नाही ना काही?"

"नाही काका. त्या वेळी माणूस गेलेला असतो."

"परत एकदा विचारून ठेव," ते म्हणाले.

शुक्रवारी चार वाजता मी आणि मावशी परवाना कार्यालयाच्या चार नंबरच्या खिडकीशी होतो. खिडकीतल्या बाईंनी कागद मोजले. आधी त्यांना रेघांचे कागद चालतात की नाही याचा नियम शोधायचा होता. तो सापडला नाही म्हणून चालले. मग दादाची विनंती कुठल्या रकान्यात नोंदवायची यावर दोन टेबलांची बैठक झाली आणि ती 'इतर' मध्ये गेली.

"एकवीस," बाई म्हणाल्या. "बाविसावा?"

मी यादी बघितली. सगळ्या नावांपुढे खूण होती. फक्त पहिल्या नावापुढे नव्हती. पहिलं नाव आईचं होतं.

मावशी माझ्याकडे बघत राहिली. "अगं, तू तिच्याच घरात राहतेस ना?"

आई दातांच्या दवाखान्यात स्वागतिका आहे. आम्ही पोचलो तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. बाकावर गाल सुजलेले चार जण बसले होते आणि आतून ड्रिलचा आवाज येत होता. मी टेबलावर कागद आणि पेन ठेवलं. "आई, पटकन यावर 'हो' लिही. मावशी गाडीत थांबलीय."

"पटकन?" आईने पेन उचललं नाही. "बावीस जणांत माझा नंबर कितवा?"

"शेवटचा."

"का?"

"तू 'हो'च म्हणणार म्हणून."

"त्या एकवीस जणांना विचारलंस?"

"हो."

"घरी जाऊन? बसून?"

"हो."

"मग मलाही विचार," आई म्हणाली आणि हात टेबलावर ठेवून माझ्याकडे बघत बसली, जशी ती नव्या पेशंटकडे बघते.

वाक्य मला तोंडपाठ होतं. एकवीस वेळा म्हटलेलं होतं. मी तोंड उघडलं. "आई, तू..." म्हटलं, आणि पुढचा शब्द येईना. मी परत सुरुवात केली. "तू जर... म्हणजे कधी..." समोर आई होती, तिच्या केसांना लावलेली तपकिरी क्लिप होती, जी सकाळी मीच तिला शोधून दिली होती. आतलं ड्रिल थांबलं. बाकावरचे चौघेही आपापले गाल धरून माझ्याकडे बघायला लागले. वक्तृत्वात दुसरा क्रमांक मिळालेली मुलगी एका दवाखान्यात 'मेल्यावर' हा शब्द उच्चारता येत नाही म्हणून रडत होती. घड्याळात साडेचार झाले होते.

आईने घाई केली नाही. एका पेशंटने खिशातला रुमाल पुढे केला. तो मी घेतला, आणि त्यात तोंड खुपसून विचारलं. पूर्ण वाक्य. कुणाला नीट ऐकू आलं नसेल, पण आईला आलं.

"चालतील," ती म्हणाली. "सगळे घ्या म्हणावं." आणि तिने लिहिलं: 'हो. मला माझ्या मुलीने विचारले आहे.'

मग तिने डॉक्टरांना आत जाऊन काय सांगितलं माहीत नाही, पण पर्स घेऊन ती आमच्याबरोबर निघाली. गाडीशी आल्यावर मावशीने तिच्यासमोर किल्ली धरली. "परवाना मिळालाय ना? चल."

"आज? पाच वाजायला पंचवीस मिनिटं आहेत."

"म्हणूनच. माझे हात थरथरतायत."

आईने गाडी तीन वेळा बंद पाडली. एका चौकात आमच्या मागे एवढे हॉर्न वाजले की मला मिरवणूक आलीय असं वाटलं. आई प्रत्येक हॉर्नला काचेतून "सॉरी हं" म्हणत होती, काच बंद होती तरी. मावशी आपल्या ब्रेकवर पाय तयार ठेवून डोळे मिटून बसली होती. चार वाजून चौपन्न मिनिटांनी आम्ही कार्यालयाच्या फाटकात, फुलांच्या कुंडीला अगदी हलका धक्का देऊन, थांबलो.

या वेळी कागद साहेबांनी स्वतः वाचले. बावीसही. पाच वाजून गेले तरी वाचत होते. आईचा कागद त्यांनी दोनदा वाचला. "चौदा हो, आठ नाही," ते म्हणाले. "या शाळेतून आजवर मला फक्त 'नाही' यायचं. मला वाटायचं तुमच्याकडची माणसंच तशी." त्यांनी शिक्का मारला. "मान्यता कायम. यापुढे सतरावा प्रश्न कोरा ठेवायचा आणि माणसाला समोर बसवून विचारायचा. आणि मॅडम, ते तिळाचं काय प्रकरण आहे?"

मावशी म्हणाली ते पुढच्या महिन्यात बघू.

परत येताना गाडी आईच चालवत होती. रस्ता रिकामा होता आणि ती आता हॉर्नशिवायही चालवू शकत होती. मागच्या सीटवर मी आठ 'नाही'चा विचार करत होते, आणि सरांना पुन्हा भेटायला जायचं, मुद्दे न घेता, असं ठरवत होते.

"आणि तू?" आईने समोर बघतच विचारलं.

"मी अजून लहान आहे. माझं तुम्ही ठरवणार, तू आणि बाबा. नियमच आहे."

"सही कुणाची लागते ते मला माहीत आहे. मी तुला विचारतेय."

मावशी खिडकीबाहेर बघायला लागली. मी म्हटलं, "हो. माझे पण सगळे."

आईने मान हलवली. वळण आलं तेव्हा तिने इंडिकेटर दिला, आरशात मागे बघितलं, मग त्याच आरशात माझ्याकडे बघितलं.

"लक्षात ठेवते," ती म्हणाली. "पण माझा नंबर आधी आहे. मध्ये घुसायचं नाही."